प्रयागताईंचा निळा

औरंगपुऱ्याच्या त्या बोळात मॅचिंग सेंटरं पाच-सहा होती, पण बायका ताटकळत उभ्या राहायच्या त्या प्रयागताई शेजूळांच्याच दुकानापुढं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ब्लाउजपिसांचे उभे गठ्ठे आणि काउंटरवरच्या काचपेटीत दोऱ्यांची रिळं. तुम्ही साडी पुढं केलीत की ताई पदरावरनं नुसता अंगठा फिरवायच्या, मान न वळवता मागचा एक गठ्ठा ओढायच्या, त्यातला एक पीस काढायच्या आणि काउंटरची फळी उचलून थेट रस्त्यावर यायच्या.

"चला, उन्हात."

पायरीवर उन्हाची एक तिरीप पडायची. तिथं साडी आणि पीस शेजारी धरून त्या डोळे बारीक करायच्या. पसंत पडलं तर "व्हय" म्हणायच्या. नाही पडलं तर काहीच न बोलता आत जायच्या, दुसरा पीस घेऊन यायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, आत तर बरोबर दिसत होतं की." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "ट्यूबखाली जमलेलं उन्हात मोडतं, बाई. मग माझ्या नावानं बोटं मोडाल."

एकदा एक बाई साडी न आणताच आल्या. म्हणाल्या, "वांगी रंग द्या."

"भरताचं वांगं का भरायचं?" ताईंनी विचारलं.

बाई गोंधळल्या. ताई शांतपणे समजावू लागल्या. "भरताचं काळ्याकडं झुकतं, भरायचं लालीकडं. त्यात परत सकाळी तोडलेलं का चार दिवस फ्रीजात पडलेलं?" बाई मुकाट्यानं घरी जाऊन साडी घेऊन आल्या.

ताईंचं माहेर देवगाव रंगारी. त्यामुळं तुम्ही रंगाऱ्याच्या घरातल्या का, असं लोक हटकून विचारायचे. "रंगारी असतील कधी काळी," त्या म्हणायच्या. "आमच्या घरी कापूस. एकच रंग, पांढरा. त्यातच सतरा पांढरे बघून डोळा तयार झाला."

मुकुंदवाडीत आमच्या तीन मजली इमारतीत त्यांचा दरवाजा माझ्या दरवाजासमोर होता. नवरा एसटीत होता, तो वारलेला. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. मी तेव्हा एका कचेरीत नोकरीला होते, एकटी राहत होते. त्यामुळं रात्रीचं जेवण कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं असं चालायचं.

त्यांच्या दुकानाच्या वर दातांचे एक डॉक्टर होते. ते दवाखाना आवरून पुण्याला निघाले, तेव्हा पेशंट बसायच्या खोलीतली दोन फुटी काचपेटी कुणाला द्यायची, हा प्रश्न पडला. पेटी खाऱ्या पाण्याची. तिच्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, एक कोळंबी आणि बरेच खडबडीत दगड. ताई वरच्या नळावर पाणी भरायला जाता-येता त्या माशांच्या केशरी रंगाकडं बघायच्या. "असला केशरी मला कुठल्याच मिलनं दिलेला नाय," असं त्या डॉक्टरांना एकदा म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी तेवढं लक्षात ठेवलं. पेटी रिक्षानं मुकुंदवाडीला आली. सोबत समुद्री मिठाची बादली, खारेपणा मोजायची काचेची नळी आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरातलं दोन पानी टिपण.

सुरुवातीचे महिने ताईंचं लक्ष नुसतं माशांवर होतं. दगडांवर तपकिरी खपल्यांसारखं काहीतरी होतं, त्याला त्या शेवाळ समजत होत्या. मग एक दिवस दिवेलागणीला लाईट गेली आणि त्यांनी माझं दार बडवलं.

"शैलजा, लवकर ये गं! पेटीत काहीतरी पेटलंय!"

मी शॉर्टसर्किट समजून धावले. अंधाऱ्या खोलीत ताई पेटीपुढं मांडी घालून बसलेल्या. हातात नोटा तपासायचा दुकानातला जांभळा दिवा. टॉर्च समजून त्यांनी तोच पिशवीतनं काढला होता. त्या उजेडात दगडावरच्या खपल्या हिरव्यागार झाल्या होत्या, मधोमध शेंदरी ठिपका. सदऱ्याच्या बटणाएवढी फुलं, प्रत्येकाला बारीक झालर. ताईंनी दिवा बंद केला, सगळं विझलं. लावला, पुन्हा पेटलं. मग त्यांनी पुढची दोन-तीन वर्षं पुरला असा प्रश्न विचारला.

"आता हे एवढ्या ट्यूबच्या उजेडात का दिसत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. पण ताईंचा प्रश्न टाळता येत नसे. त्या तो भाजी निवडताना विचारायच्या, जिन्यात विचारायच्या. शेवटी मी कचेरीतनं येऊन त्यांना मोबाइलवरची इंग्रजी पानं वाचून, मराठीत करून सांगायला लागले.

"ताई, हे पोवळं आहे. जिवंत."

"पोवळं? मंगळासाठी अंगठीत घालतात ते?"

"त्याच्या भाऊबंदांतलं. हे मऊ असतं."

कडक सांगाड्याची पोवळी घरात ठेवायला मनाई आहे, हेही त्याच वाचनात आलं. ताईंनी तेव्हाच डॉक्टरांना फोन लावून आपलं त्यातलं नाही ना, याची खात्री करून घेतली. मग मी पुढचं सांगितलं. या बटणाएवढ्या फुलांच्या अंगात सुईच्या टोकाहून बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न शिजवतं आणि त्यावर बटणं जगतात. समुद्रात लाल उजेड वरच्या वर जिरतो, मग पिवळा जिरतो. खोल जातो तो निळा. आपल्या पेटीवरची पट्टी पिवळट पांढरी, म्हणून ही बटणं कशीबशी तग धरून आहेत.

ताईंनी पेटीवरच्या पट्टीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ही बिचारी ट्यूबखाली बसलीत व्हय. त्यांना त्यांचं ऊन पाहिजे."

त्यांचं ऊन बनवायचं काम त्यांनी करीमभाईंना दिलं. करीमभाई स्टेशन रस्त्यावर मोटार वाइंडिंग करायचे. पंखे, पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, सगळं त्यांच्या हातून दुरुस्त व्हायचं. ताईंनी कागदावर काढून नेलेला दिवा त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला.

"बाजी, मछली के वास्ते इत्ता नीला कायकू? डिस्को लगाना है क्या?"

"मासळीसाठी नाय भाई. तिच्या खालच्या दगडासाठी."

करीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पत्थर के वास्ते?" त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. "हौ. फिर तो बनानाच पडेगा."

आठवडाभरात दिवा तयार झाला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर निळ्या एलईडीच्या दोन ओळी, मध्ये पांढरी एक, वर गरम होऊ नये म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. बाजूला दोन बटणं, एक निळ्याचं, एक पांढऱ्याचं, फिरवून कमी-जास्त करायची. मला वाटलं, आता लावतील. पण ताईंनी आधी दुकानातनं पांढरं नेट आणलं, लग्नाच्या ओढणीला लावतात ते, आणि दिव्याखाली चार पदर ताणून बांधले. दर रविवारी एक पदर काढायचा, असा त्यांचा बेत.

"एकदम का नाही?" मी विचारलं.

"नव्या सुनेला पहिल्याच दिवशी वीस माणसांच्या भाकरी थापायला लावतात का?"

हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं. पुढं मी वाचलं, तर जाणकार लोक जवळपास असंच करतात. चौथ्या रविवारी शेवटचा पदर निघाला. पावसाळा संपेपर्यंत दगडावरच्या पाच बटणांची वीस झाली होती. एका दगडावर अळंबीसारख्या दोन लालसर चकत्या होत्या, त्या बशीएवढ्या पसरल्या. करीमभाई शुक्रवारची नमाज झाली की येऊन खुर्ची ओढून बसायचे. "मेरा पत्थर कैसा है?" असं विचारायचे.

मग दुष्काळाची वर्षं लागली. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही पहाटे पाऊण तास. इमारतीच्या आवारात टँकर यायचा आणि प्रत्येक घराला मोजून हंडे. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकांकडं ती व्यवस्था होती. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं व्यवस्थेत कसूर नव्हती. एका सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी ताईंना थांबवलं.

"शेजूळबाई, रागावू नका. पण माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही माशांना पाणी घालता, हे बरं दिसत नाही."

ताईंचे कान लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या घरचा कूलर दिवसाला किती पाणी पितो?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"माझ्या घरी पण कूलर आहे. त्याला रोज तीन घागरी लागतात. पेटीला आठवड्याला एक. मी आजपासून कूलर बंद करते. मग पेटीचं पाणी माझ्या वाट्याचं झालं का नाय?"

काकांनी वहीत टीक करून पुढच्या घराचं नाव घेतलं. ताईंनी त्या दुपारी कूलर पुसून, त्यावर चादर टाकून गॅलरीत ठेवला. तो एप्रिल होता. पुढचे दोन महिने त्या भिंतीला पाठ लावून, ओला पंचा खांद्यावर टाकून बसायच्या आणि पेटीचं पाणी तापू नये म्हणून फ्रीजमध्ये गोठवलेली बाटली तिच्यात तरंगत ठेवायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, "ताई, त्या बाटलीतला अर्धा गारवा स्वतःच्या डोक्यावर ठेवा." तर म्हणाल्या, "मला उठून सावलीत जाता येतं गं. त्यांना दगड सोडून कुठं जाता येतंय?" मे महिन्यात कधीतरी देशपांडेकाका पंपाचं काहीतरी विचारायला म्हणून आले आणि तासभर कोळंबी बघत बसले. त्यानंतर पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

शहर मात्र वाढतच होतं. दुकानासमोरची बैठी दुकानं पाडून तिथं चार मजली शोरूम उभी राहिली. अख्खी काच आणि आत दिवसाही झगझगीत दिवे. ताईंच्या पायरीवर ऊन यायचं बंद झालं. सवयीनं त्या "चला, उन्हात" म्हणायच्या आणि बाहेर येऊन सावलीतच उभ्या राहायच्या. मग कोपऱ्यापर्यंत चालत जायच्या. पुढंपुढं तेही सोडून दिलं.

त्याच सुमाराला पीस परत यायला लागले. आधी एखादा, मग आठवड्याला दोन-तीन. ताई म्हणायच्या, "समोरच्या बिल्डिंगनं माझा उजेड खाल्ला." मला ते पटायचं. सगळ्यांनाच पटायचं.

फुलंब्रीच्या मंदाबाई आल्या तेव्हा मी दुकानात होते. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि बस्त्यातल्या सगळ्या साड्यांचं मॅचिंग ताईंनी केलं होतं. मंदाबाईंनी मोरपंखी शालू आणि त्यावरचा ब्लाउज काउंटरवर ठेवला.

"ताई, हा ब्लाउज हिरवा आहे. मांडवात सगळ्या बायका बघत होत्या."

ताईंनी अंगठा फिरवला. "मोरपंखीच आहे. धुतला असंल, रंग उतरला."

"धुतला नाय. एकदाच घातलाय, लग्नात."

"मग ऊन लागलं असंल. माझ्याकडनं असं जात नाय बाई. वीस वर्षं झाली मला."

मंदाबाईंनी शालूची घडी घातली आणि भांडण न करता निघून गेल्या. मी तो ब्लाउज पाहिला होता. हिरवाच होता. पण रंगाच्या बाबतीत ताईंपुढं मी काय बोलणार? मी गप्प राहिले. ते अजून मला लागतं.

घरी त्या करीमभाईंच्या दिव्याला बोल लावायला लागल्या. निळ्याचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. "दम राहिला नाय त्यात. सगळं मेणचट दिसतंय." करीमभाईंकडनं निळ्याच्या आणखी दोन ओळी बसवून घेतल्या. बसवताना करीमभाई म्हणाले, "बाजी, इत्ता नक्को. मेरी आँख में पानी आरा." ताई म्हणाल्या, "तुमचं वय झालं भाई." नेटचे पदर या वेळी त्यांनी लावलेच नाहीत. मुळात उजेडच कमी पडतोय, तर झाकायचा कशाला?

दिवाळीला मी माहेरी गेले, पंधरा दिवसांनी आले. ताईंच्या घरात शिरले तर भिंती, छत, ताईंचे केस, सगळं निळं. पेटीकडं बघवत नव्हतं. हाताचा आडोसा करून पाहिलं, तर बटणं मिटलेली होती आणि त्या लालसर चकत्या हाडासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"बघ की काय झालंय यांना," ताई रडवेल्या झाल्या होत्या. "पाणी तपासलं, मीठ तपासलं. उजेड कमी पडतोय, दुसरं काय? करीमभाईंना सांगून अजून एक ओळ..."

"ताई, किती निळं केलंय हे! डोळे दिपतायत माझे."

"निळं?" त्या म्हणाल्या. "कुठंय निळं?"

दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग ताईंनी उठून दिवा बंद केला. कपाटातनं जुन्या रिळांचा डबा काढला, खिडकीपाशी चटई टाकली आणि भर दुपारच्या उजेडात बारा रिळं निवडली. आकाशीपासून गडद निळ्यापर्यंत, शेवटी काळं, अशी त्यांनी ओळ लावली. एकेक रीळ उचलून, डोळे बारीक करून, दोनदा जागा बदलून.

"प्रत्येकाच्या बुडाला नंबर आहे. ओळीनं वाच."

पहिली तीन बरोबर होती. चौथ्या जागी हिरवं रीळ होतं. मी थांबले.

"थांबू नको. वाच."

मी वाचत गेले. सहावं चुकलं, सातवं चुकलं. काळं म्हणून शेवटी ठेवलेलं रीळ गडद निळं होतं आणि काळं त्याच्या दोन घरं अलीकडं. ताई रिळं एकेक करून डब्यात ठेवत होत्या. मला वाटलं, आता डोळ्यांबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "किती जणींना दिलं असंल गं मी असं?"

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडत जातं आणि निळा उजेड त्यातच अडकतो. इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. ताई लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हंजी डोळ्यातच पिवळं नेट बसलं होतं," त्या म्हणाल्या. "अन् मी जगाला बोल लावत होते."

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाटेवरची चादर चिमटीत धरली. "ही पांढरी आहे गं!" घरी येऊन दिवा लावला मात्र, आणि दचकून दोन पावलं मागं झाल्या. "अगं आई! हे काय केलं मी यांचं?" त्यांनी निळ्याचं बटण पार खाली आणलं आणि चार पदर नेट पुन्हा बांधलं. चकत्या गेल्या त्या गेल्याच. मिटलेल्या बटणांतली सात दोन महिन्यांनी उघडली.

पण त्याच्या आधी त्या फुलंब्रीला गेल्या. मला सोबत घेतलं. मंदाबाईंच्या अंगणात बाजेवर बसून त्यांनी शालू आणि तो ब्लाउज मागून घेतले, उन्हात शेजारी धरले, डावा डोळा झाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मंदाबाई, तुम्ही खरं बोलत होता. हा हिरवाच आहे. माझा डोळा गेला होता अन् मी खोटं पाडलं तुम्हाला."

मंदाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. "आता फोटोत राहिला ना ताई तो हिरवा."

"राहिला," ताई म्हणाल्या. "त्याला इलाज नाय." आणि पिशवीतल्या चार-पाच मोरपंखी पिसांतला एक निवडून त्यांनी शालूवर ठेवला. तो इतका बरोबर होता की कुठं शालू संपतो ते कळेना.

मंदाबाईंनी तो उचलला नाही. आत गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं चहाचे कप घेऊन आल्या आणि काखेत दोन साड्या. "आता दिसतं ना नीट?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं. "मग ह्या बघा. धाकटीच्या आहेत."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिनाभरात व्हायचं होतं. ताईंनी ते तीन महिने लांबवलं. डॉक्टर चिडले, मुलगी हैदराबादहून फोनवर चिडली. कारण फक्त मला माहीत होतं. "दोन्ही सारखे झाले की मग फरक कशानं कळणार?" त्या दिवसभर एकेक डोळा झाकून जग तपासत होत्या. कारलं, आभाळ, गुलमोहर, देशपांडेकाकांचा पिवळा पडलेला सदरा. पेटीपुढं तर तासन् तास. "ह्या डोळ्यानं तू गोरी दिसतीस," एकदा मला म्हणाल्या, "अन् ह्या डोळ्यानं हळद लागल्यासारखी. आता खरी कुठली, ते कोण सांगणार?"

माझी नांदेडला बदली झाली ती याच दिवसांत. पुढं फोनवर आम्ही पुष्कळ बोललो, पण भेटू भेटू म्हणत भेट राहिली ती राहिलीच. त्या गेल्याचं मला करीमभाईंनी कळवलं. पेटी आता त्यांच्या वाइंडिंगच्या दुकानात, मोटारींच्या गर्दीत चालू आहे.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मुकुंदवाडी स्टेशनवर, सकाळच्या पॅसेंजरला. सामान चढवून झालं होतं. त्यांनी खिडकीतनं धपाट्यांचा डबा दिला, चटणी वेगळी बांधली आहे म्हणून दोनदा सांगितलं. दोन दिवसांवर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आलं होतं.

गाडी हलली तेव्हा त्या खिडकीबरोबर चार पावलं चालल्या आणि थांबल्या. मी हात हलवत होते. त्यांनी आधी डावा डोळा झाकून मला पाहिलं. मग हात बदलला, उजवा झाकला आणि मान पुढं काढून पाहत राहिल्या.

"शैलजा!" त्या ओरडल्या. "जुन्यानं पण बरी दिसतीस गं!"

फलाट संपेपर्यंत मी हात हलवत राहिले. त्यांनी काही हलवला नाही. एका हातात रिकामी पिशवी होती आणि दुसरा डोळ्यावर होता.